काळ्या पेटीतली जागा

कवी माणसाने रेडिओवर कवितेबद्दल बोलावं, असा संकेत आहे. आज मी तो मोडणार आहे. आज मला एका पेटीबद्दल बोलायचं आहे. टीव्हीला जोडून खेळ खेळायचं जे यंत्र असतं, ज्याला मुलं गेम कन्सोल म्हणतात, त्याचं कवच कापून-तासून आत जास्तीच्या हार्ड डिस्क कशा बसवतात आणि ते करताना काय काय सांभाळावं लागतं, हा आजचा विषय. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. तेव्हा जाणकारांनी चूकभूल पोटात घालावी. पण हे काम माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर झालं आणि त्यात माझ्या अम्मीचा आवाज पणाला लागला होता. बोलायचा तेवढा हक्क मी घेतो.

आमचे थोरले भाऊ कुवेतला नोकरीला होते. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. २००३ साली सुट्टीवर येताना त्यांनी मुलासाठी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणला. काळं, जाडजूड यंत्र, वजन जवळजवळ चार किलो. विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा, त्यामुळे भाभींसाठी घेतलेला मिक्सर त्या वर्षी कुवेतलाच राहिला. भाभी ते अजून विसरलेल्या नाहीत.

हे यंत्र नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं. त्याआधीच्या घरगुती खेळयंत्रांत खेळ कार्ट्रिजवर किंवा सीडीवर असायचा आणि आपण कुठवर पोचलो याची नोंद एका चिमुकल्या मेमरी कार्डावर राहायची. एक्सबॉक्समध्ये मात्र कारखान्यातूनच हार्ड डिस्क बसवून यायची. त्यापैकी ८ जीबी जागा वापरात होती. शिवाय इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम जातीचा प्रोसेसर आणि ६४ मेगाबाइट मेमरी. थोडक्यात, खेळण्याच्या कपड्यांतला तो एक संगणकच होता. आणि संगणक म्हटला की माणसाला दोन इच्छा होतात. तो उघडून बघावा आणि त्यात जागा वाढवावी.

उघडायला काही अवघड नाही. यंत्र उलटं केलं की रबरी पाय आणि चिकटवलेल्या पट्ट्या दिसतात. त्यांच्याखाली सहा स्क्रू दडलेले असतात. साधा पेचकस त्यांना चालत नाही. त्यांच्या डोक्यावर सहा टोकांच्या चांदणीसारखा खाचा असतो. या जातीला टॉर्क्स म्हणतात आणि या मापाला टी-२०. क्रिकेटचा इथे काही संबंध नाही. झाकण निघालं की वरच्या मजल्यावर शेजारी-शेजारी दोन भाडेकरू दिसतात, एका बाजूला डीव्हीडी ड्राइव्ह आणि दुसऱ्या बाजूला हार्ड डिस्क. तळमजल्यावर मदरबोर्ड. एक इशारा इथेच देऊन ठेवतो. वीजपुरवठ्याचा भागही याच पेटीत असतो आणि प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते. तिथे बोट घालू नये.

मग लोक जुनी डिस्क काढून मोठी का लावत नव्हते? लावत होते, पण वाटेत एक कुलूप होतं. या यंत्रातली डिस्क परवलीच्या शब्दाने बंद केलेली असायची आणि हा शब्द प्रत्येक यंत्रासाठी वेगळा. तो कसा तयार होतो ते ऐका. मदरबोर्डवर २५६ बाइट मावतील एवढीच एक चिप असते. त्या चिपमध्ये एक गुप्त किल्ली. ही किल्ली आणि त्या विशिष्ट डिस्कचा मॉडेल व अनुक्रमांक यांच्या गणितातून परवलीचा शब्द निघतो. म्हणजे किल्ली एका ठिकाणी आणि कुलूप दुसऱ्या. डिस्क काढून घरच्या संगणकाला जोडली, तर ती 'मी आहे' एवढंच सांगते. आतलं एक अक्षर वाचू देत नाही.

माणसाच्या जिज्ञासेपुढे कुलपं टिकत नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये संशोधन करणाऱ्या अँड्र्यू ह्वांग या तरुणाने २००२ साली या यंत्रातल्या चिपा आपसात काय बोलतात ते ऐकायची युक्ती शोधली आणि यंत्र सुरू होताना वापरली जाणारी गुप्त किल्ली मिळवली. पुढच्याच वर्षी त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. त्यानंतर जगभरच्या हौशी मंडळींनी या यंत्राची दारं एकेक करून उघडली. या वाटेने चोरीचे खेळही आले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण याच मंडळींनी एक फार चांगली गोष्टही केली. त्यांनी या यंत्रावर गाणी, फोटो आणि चित्रपट दाखवणारा एक्सबॉक्स मीडिया सेंटर नावाचा कार्यक्रम लिहिला. तो पुढे इतर संगणकांवर गेला आणि २०१४ पासून कोडी या नावाने ओळखला जातो.

आता आमच्या घरात येतो. अम्मीला आमच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीतली हळदीची गाणी येत. लग्नघरी तिला मुद्दाम बोलावणं असायचं. नव्वदच्या दशकात मी तिच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवून तेवीस कॅसेटी भरल्या. कवितेसाठी उपयोग होईल, असा माझा मतलबी हेतू होता. २००८ साली पुतण्या सोळा वर्षांचा झाला होता आणि यंत्राशी खेळण्यापेक्षा यंत्र उघडण्यात त्याला जास्त गोडी होती. तो म्हणाला, "चाचा, आजीच्या कॅसेटी संगणकात घेऊ." घेतल्या. आवाज दाबून लहान न करता जसाच्या तसा साठवायचा, तर मिनिटाला साधारण दहा मेगाबाइट लागतात. दीड तासाची एक कॅसेट म्हणजे नऊशे मेगाबाइट. तेवीस कॅसेटी म्हणजे वीस जीबी. एक्सबॉक्सच्या मूळ ८ जीबीत त्या मावणं शक्य नव्हतं. मग पुतण्याने १२० जीबीची डिस्क आणली, जुन्या कुलपाची किल्ली नव्या डिस्कला लावली आणि अम्मी रिमोटने स्वतःचीच गाणी टीव्हीवर लावून ऐकू लागली. मध्येच थांबवून म्हणायची, "इथं मी चुकले होते बघ."

२०१० मध्ये आम्ही घरचा संगणक बदलला. जुना भंगारात दिला. गाणी एक्सबॉक्समध्ये आहेत, कॅसेटी कपाटात आहेत, मग आणखी काय पाहिजे, असं मीच म्हणालो होतो. २०११ साली अम्मी गेली. नंतर ती पेटी लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. ती पोटमाळ्यावर गेली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. आमच्या खालच्या मजल्यावर छातीभर पाणी होतं. कॅसेटी खालच्या कपाटात होत्या. त्यांचं काय झालं ते सांगत नाही. चिखल काढता काढता चौथ्या दिवशी मला पोटमाळा आठवला. पेटी कोरडी होती. वीज आली तेव्हा थरथरत्या हाताने बटण दाबलं आणि काहीही झालं नाही.

पुतण्या पुण्याहून आला. त्याने झाकण काढून मला बोटाने दाखवलं. या यंत्रात घड्याळ चालू ठेवण्यासाठी एक कपॅसिटर असतो. वर्षं गेली की तो झिरपतो. यंत्र बंद असलं तरी झिरपतो. त्यातला द्रव बोर्डवरच्या तांब्याच्या केसासारख्या रेघा खाऊन टाकतो. आमच्या पोटमाळ्यावर हेच चाललं होतं. डिस्क वाचली होती, पण तिची किल्ली मेलेल्या बोर्डवर होती.

दोन रात्री मी झोपलो नाही. पुतण्याने त्या लहानग्या चिपला केसाएवढ्या तारा डाखल्या, दुसऱ्या एका छोट्या बोर्डने तिला वीज दिली आणि तिच्यातले २५६ बाइट वाचून घेतले. बोर्ड मेला तरी ती चिप शाबूत होती. गणित केलं, परवलीचा शब्द निघाला, डिस्क उघडली. तिच्यावरची मांडणीही या यंत्राची खास, नेहमीच्या संगणकाला न कळणारी. तिच्यासाठी वेगळा कार्यक्रम लागला. तेवीसपैकी एकवीस कॅसेटींची गाणी परत आली. दोन कॅसेटींच्या जागी डिस्क खराब झाली होती. त्यातलं एक गाणं फुफींना अर्धं आठवतं. तेवढं मी वहीत उतरवून घेतलं.

आता उरलं रिकामं कवच. २०२२ च्या मे महिन्यात पुतण्या म्हणाला की यातच छोटा संगणक आणि दोन डिस्क बसवू, घरातलं सगळं त्यात ठेवू. भाईजान भडकले. "कुवेतवरून मी उचलून आणलेली पेटी कापणार?" दोन दिवस बोलणं बंद. शेवटी भाभी म्हणाल्या, "माळ्यावर मेलेली ठेवायची का घरात जिती ठेवायची, ते ठरवा." तेव्हा परवानगी मिळाली.

अशा कामात पहिली गोष्ट मोजमाप. साडेतीन इंची डिस्क म्हणतात तिला, पण पट्टी लावाल तर ती चार इंच रुंद भरते. लांबी १४.७ सेंटिमीटर, जाडी २.६. साडेतीन इंच हे नाव जुन्या फ्लॉपीच्या मापावरून चालत आलेलं. छोटा मदरबोर्ड १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. एक्सबॉक्सचं कवच बाहेरून साधारण ३२ बाय २६ आणि उंची १० सेंटिमीटर. बोर्डच्या पुढे डिस्क ठेवायची म्हटली तर १७ अधिक १०, म्हणजे २७ झाले. एका सेंटिमीटरने गाडी अडते. म्हणून मूळ कारागिरांनी केलं होतं तेच करावं लागलं. तळमजल्याला बोर्ड, त्यावर माळा घालून शेजारी-शेजारी दोन डिस्क, मध्ये अंगठाभर फट.

दुसरी गोष्ट कापाकापी. आतले प्लास्टिकचे खांब आधी कापावे लागतात, मग पत्र्याचं अस्तर. प्लास्टिकला बारीक दात्यांचं पातं, पत्र्याला पत्र्याची कात्री आणि कडांना कानस. कापताना आत एकही विद्युतभाग ठेवायचा नाही. लोखंडाचा एक कीस बोर्डवर पडला तरी दोन रेघा जोडल्या जातात आणि बोर्ड जातो. कापून झाल्यावर पुतण्याने कवच साबणाने धुतलं आणि दिवसभर उन्हात ठेवलं. भाभींना वाटलं, पापडच घातलेत.

तिसरी गोष्ट हादरा. डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेत असतात आणि त्यांच्यावरून वाचणारं टोक तबकडीला न शिवता तरंगत जातं. मधलं अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एका डिस्कची थरथर दुसरीला लागली तर दोघींना चुकतमाकत वाचावं लागतं. म्हणून स्क्रूखाली रबराच्या चकत्या. आणि डिस्कवर एक सुईएवढं भोक असतं, शेजारी 'झाकू नका' असं लिहिलेलं. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते असतं. त्यावर चिकटपट्टी लावू नये.

चौथी गोष्ट वीज, आणि इथेच आम्ही फसलो. साठ वॉटचा अडॅप्टर आणला होता. हिशोब सरळ होता. चालू डिस्क सहा-आठ वॉट घेते, बोर्ड वीस. पण पेटी सुरू केली की टकटक आवाज येऊन बंद पडायची. कारण उघड झालं तेव्हा मला बैलगाडी आठवली. गाडी चालायला लागली की बैलाला ओझं वाटत नाही, जागेवरून हलवतानाच जोर लागतो. थांबलेली तबकडी फिरवायला पहिले काही सेकंद चोवीस वॉटपर्यंत लागतात. दोन डिस्क म्हणजे अठ्ठेचाळीस, वर बोर्ड. एकशेवीस वॉटचा अडॅप्टर आला आणि टकटक थांबली.

पाचवी गोष्ट हवा. झाकण लावून मे महिन्याच्या दुपारी चालवलं तर डिस्क ५४ अंशांवर गेली. बहुतेक कंपन्या चालू डिस्कला साठ अंशांच्या आसपासची मर्यादा सांगतात, म्हणजे आम्ही उंबरठ्यावर होतो. पंखा तर चालू होता. मग हवा जाते कुठे? भाभींनी देवडीतली उदबत्ती आणून झाकणाच्या फटींशी धरली. धूर आत जातच नव्हता. पंखा मागच्याच फटीतून हवा घेऊन मागेच फेकत होता. समोरच्या बाजूने डिस्कच्या पातळीवर खाचा पाडल्या, मागच्या फालतू फटी बुजवल्या, पुन्हा उदबत्ती धरली. धूर पुढून आत, दोन डिस्कच्या मधून, मागून बाहेर. दुपारी ४३ अंश.

इथवर आल्यावर मला वाटलं, झालं काम. दोन डिस्क, दोन्हींवर तीच गाणी, एक गेली तरी दुसरी आहे. पुतण्या हसला. म्हणाला, "चाचा, तुम्ही एक गाणं चुकून पुसलंत तर ते दोन्हीकडून पुसलं जाईल. अडॅप्टरने दगा दिला तर दोघी एकदम जातील. आणि परत पूर आला तर?"

त्याने मला एक गोष्ट सांगितली. २००७ साली गूगलच्या तीन संशोधकांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा हिशोब मांडला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते. संशोधकांनी ती नोंद तपासली. मेलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कच्या नोंदीत मरणापूर्वी कसलीही खूण नव्हती. उष्णतेबद्दल त्यांना असं आढळलं की साधारण मर्यादेत तिचा परिणाम समजला जातो तेवढा नसतो, पण फार तापमान आणि जुनी डिस्क एकत्र आली की धोका वाढतो. म्हणजे आमच्या उदबत्तीचा उपयोग होता, पण तेवढ्यावर विसंबून चालणार नव्हतं. डिस्क सांगून मरत नाही.

ही गोष्ट मी आधी समजून घ्यायला हवी होती. जागा वाढवणं आणि जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. आम्ही २००८ साली जागा वाढवली आणि जपल्याचं समाधान मानलं. वाढलेल्या जागेच्या भरवशावर संगणक भंगारात दिला. कॅसेटींकडे पाठ फिरवली. शेवटी सगळं अशा एका डिस्कवर उरलं, जिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती आणि तो दुसरा पोटमाळ्यावर हळूहळू मरत होता.

तेव्हा कुणी आपल्या घरी असा उद्योग करणार असेल तर एवढं ध्यानात ठेवावं. आधी प्रत काढा, मग पेचकस हातात घ्या. जुन्या यंत्राच्या डिस्कला कुलूप असेल तर यंत्र जिवंत असतानाच त्याची किल्ली लिहून ठेवा. नव्या पेटीत आवाज अशा साध्या रूपात ठेवा की उद्या कुठलाही संगणक तो वाचू शकेल. आणि एक प्रत दुसऱ्या छपराखाली असू द्या. आमची तिसरी डिस्क दापोलीला बहिणीकडे आहे, डोंगरावर. दर ईदला ती येते, नवीन काही असेल ते घेते आणि परत जाते.

पेटी टीव्हीखाली पूर्वीच्याच जागी बसली. पहिल्या दिवशी अम्मीचं गाणं लागलं तेव्हा ज्या ठिकाणी ती थांबवून "इथं मी चुकले" म्हणायची, तिथे आम्ही सगळेच जरा थांबलो. मग भाईजानांनी पेटी दोन्ही हातांनी उचलून बघितली. जुना वीजपुरवठा गेला, डीव्हीडी ड्राइव्ह गेला, बराचसा पत्रा गेला. ते म्हणाले, "हलकी झाली रे."

भाभी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तेव्हाच एवढी हलकी असती, तर माझा मिक्सर आला असता."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)